‘आम्ही’ की ‘आपण’?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मुकुंदवाडीत आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या ओसरीवर आठवड्यातून दोन सायंकाळी वस्तीतील मुले अभ्यासाला जमतात. मुलांचे आईवडील बहुतेक चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, नाही तर बांधकामावर कामाला जाणारे. मुले मराठी माध्यमात शिकणारी. इंग्रजीचा धाक सर्वांनाच. तो थोडा कमी व्हावा म्हणून आम्हीही अधूनमधून तेथे जाऊन बसतो. त्या दिवशी सर्वनामांचा पाठ होता. ‘आय’, ‘वुई’, ‘यू’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’ असे शब्द फळ्यावर लिहून आम्ही एकेकाचा अर्थ सांगत होतो. ‘वुई’ म्हणजे ‘आम्ही’, असे सांगून पुढे जाणार, तोच आठवीतील एका मुलीने हात वर केला.

“फादर, ‘वुई’ म्हणजे आम्ही की आपण?”

“दोन्ही,” आम्ही म्हणालो.

“मग समोरच्याला कसं कळायचं, त्याला धरलंय का सोडलंय ते?”

‘संदर्भावरून कळते’ असे काहीतरी सांगून आम्ही वेळ निभावून नेली. परंतु जालना रस्त्यावरील रहदारीतून परतताना तो प्रश्न आमच्याबरोबर आला आणि आजतागायत गेलेला नाही. ‘धरलंय का सोडलंय?’ हा प्रश्न व्याकरणाचा खराच. पण तेवढाच नव्हे. माणसाने माणसाला विचारावा असा याहून मूलभूत प्रश्न क्वचितच असेल. म्हणून या लेखात आम्ही सर्वनामांचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे. वाचकांनी शाळेचा बाक आठवून क्षणभर धीर धरावा.

नामाऐवजी येणारा शब्द तो सर्वनाम, ही व्याख्या आपण सर्वांनी पाठ केली आहे. इंग्रजी ‘प्रोनाउन’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थही हाच, नामाच्या जागी आलेला. पाणिनीची संज्ञा मात्र वेगळ्या वाटेने आलेली. ‘सर्व’ या शब्दापासून सुरू होणाऱ्या शब्दगणाला त्याने ‘सर्वनाम’ म्हटले. त्या संज्ञेत आम्हाला एक सुंदर अर्थ दिसतो. सर्वनाम म्हणजे सर्वांचे नाव. ‘पीटर’ हे एकाचे नाव. ‘मी’ हे सर्वांचे. राजा स्वतःला ‘मी’ म्हणतो आणि त्याच्या दाराशी उभा असलेला भिकारीही स्वतःला ‘मी’च म्हणतो. नाव, आडनाव, गाव, जात, पदवी हे सारे उतरवून ठेवल्यावर माणसापाशी जे नाव उरते ते हे.

इंग्रजी व्याकरणात सर्वनामांचे पुरुषवाचक, स्वामित्ववाचक, आत्मवाचक, दर्शक, प्रश्नार्थक, संबंधी, अनिश्चित असे प्रकार सांगतात. मराठीचे व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली प्रसिद्ध केले आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली त्याची शास्त्रीय चिकित्सा केली. आपल्या शालेय पुस्तकांत सर्वनामांचे सहा प्रकार आणि मूळ नऊ सर्वनामे दिलेली असतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. नऊ लहानसे शब्द. पण दिवसभरात आपण कोणाला किती जवळ घेतले आणि कोणाला किती दूर ठेवले, याचा हिशेब या नऊ शब्दांत बराचसा मांडता येईल.

प्रथम ‘तू’ पाहू. मराठीत समोरच्या माणसाशी बोलण्यास तीन शब्द आहेत: तू, तुम्ही आणि आपण. इंग्रजीत आज एकच, ‘यू’. पण नेहमी असे नव्हते. जुन्या इंग्रजीत एकवचनी ‘दाऊ’ होते, आपल्या ‘तू’सारखे. मध्ययुगात श्रेष्ठांना अनेकवचनाने संबोधण्याची रीत आली आणि ‘दाऊ’ उरले ते मुलांसाठी, चाकरांसाठी, जिवलगांसाठी आणि परमेश्वरासाठी. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स व त्यांचे क्वेकर अनुयायी सरदार, न्यायाधीश, कोणीही समोर असो, सर्वांना ‘दाऊ’च म्हणू लागले. देवापुढे सारे समान, तर मग एकाला मानाचे बहुवचन व दुसऱ्याला एकवचन कशासाठी, हा त्यांचा प्रश्न. इतर कारणांबरोबर या एका शब्दापायीही त्यांनी मार खाल्ला. अखेर इंग्रजी समाजाने समानता आणली ती उलट्या बाजूने: ‘दाऊ’ व्यवहारातून गेले आणि सर्वच जण ‘यू’ झाले. जुना शब्द प्रार्थनेत तेवढा राहिला. आज इंग्रजी प्रार्थना म्हणणाऱ्याला तो फार भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात तो घरातल्या सलगीचा शब्द होता.

फ्रेंच भाषेची कथाही बोधप्रद आहे. फ्रेंच कॅथलिक भाविक प्रभूची प्रार्थना म्हणताना पित्याला ‘व्हू’ म्हणजे आदरार्थी ‘आपण’ म्हणत. १९६६ साली त्यांच्या प्रार्थनेत ‘त्यू’ म्हणजे ‘तू’ आले. आमच्या मराठवाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावी जे धर्मगुरू आले, ते संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने आनसी येथे स्थापन झालेल्या संघाचे. स्वतःच्या भाषेत देवाला ‘आपण’ म्हणणारे हे लोक येथल्या शेतकऱ्या-मजुरांबरोबर मराठीत देवाला ‘तू’ म्हणू लागले. मराठीने त्यांना हे सहज दिले, कारण आपल्याकडे देव आणि आई या दोघांशी ‘अहो-जाहो’ने बोलणे परकेपणाचे वाटते. ‘तू’ हा मराठीतील सर्वांत जवळचा शब्द आहे.

आणि सर्वांत दूर लोटणाराही तोच आहे. आमच्या धर्मप्रांतातील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत. साठीच्या म्हाताऱ्याला वाड्यातील दहा वर्षांचे पोर ‘अरे-तुरे’ करी आणि म्हाताऱ्याने त्या पोराला ‘मालक’ म्हणून उत्तर द्यावे, ही आठवण अनेक घरांत अजून जिवंत आहे. तोच शब्द, तेच एक अक्षर. आईला म्हटलेल्या ‘तू’मध्ये उत्तरादाखल येणारा ‘तू’ गृहीत असतो. वाड्यातल्या ‘तू’ला ‘तू’ने उत्तर देण्याची मुभा नव्हती. म्हणून शब्द कोणता यापेक्षा तो परत येऊ शकतो की नाही, ही कसोटी अधिक खरी. ज्यू तत्त्वचिंतक मार्टिन बूबर यांनी १९२३ साली ‘मी आणि तू’ या विषयावर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात माणसाचे नाते दोन प्रकारचे मानले आहे: ‘मी–तू’ आणि ‘मी–ते’. समोरचा माणूस बोलणारा, उत्तर देणारा राहिला तर तो ‘तू’. तो केवळ उपयोगाची वस्तू झाला तर ‘ते’. आपल्या चर्चच्या अंगणात झाडू मारणाऱ्या बाईंना वेदीसेवक मुले काय म्हणून हाक मारतात, याकडे वाचकांनी एखाद्या रविवारी लक्ष द्यावे. मुलांना दोष देण्यापूर्वी आपण घरी काय म्हणतो, तेही आठवावे.

आता त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, संस्कृतात नाही, लॅटिनमध्येही नाही. गुजरातीत आहे, तमिळ व तेलुगू या भाषांत आहे. दक्षिणेकडील भाषांच्या शेजारामुळे तो मराठीला लाभला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. ‘आम्ही उद्या पैठणला जाणार’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला कळते, आपण यात नाही. ‘आपण उद्या पैठणला जाऊ’ म्हटले की तो पिशवी भरायला लागतो. मराठी माणसाला अनेकवचनी बोलताना समोरच्याला धरायचे की सोडायचे हे ठरविल्यावाचून तोंडच उघडता येत नाही. ही आपल्या भाषेने आपल्यावर घातलेली नैतिक सक्ती आहे, असे आम्हाला वाटते.

‘आपण’ या शब्दाचे कूळ तर पाहण्यासारखे आहे. संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातून तो आला. मराठीत त्याचे तीन अर्थ होतात. ‘तो आपण होऊन आला’ येथे ‘आपण’ म्हणजे स्वतः. ‘आपण बसावे’ येथे ‘आपण’ म्हणजे समोरची आदरणीय व्यक्ती. ‘आपण मिळून जाऊ’ येथे ‘आपण’ म्हणजे तुम्ही आणि आम्ही एकत्र. स्वतः, दुसरा आणि दोघे मिळून, या तिन्हींना एकच शब्द, आणि तो आत्म्यापासून निघालेला. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा प्रभूने दिली. मराठी माणसाला ती समजावून देण्यास एवढा एक शब्द पुरेसा व्हावा.

मग प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘आमच्या’ का म्हणतो? ‘आपल्या पित्या’ असे का नाही? कारण उघड आहे. ती प्रार्थना पित्याला उद्देशून आहे, आणि पिता स्वतःचा पिता नव्हे. ‘आमच्या’ म्हणताना आपण समोरच्याला वगळतो आणि येथे समोर केवळ परमेश्वर आहे. म्हणजे या ‘आमच्या’मधून एकटा देव वगळला जातो, उरलेली सारी माणसे त्यात येतात. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी या प्रार्थनेवर लिहिताना याच गोष्टीवर बोट ठेवले होते: प्रभूने आपल्याला ‘माझ्या पित्या’ म्हणण्यास शिकविले नाही, आपली प्रार्थना एकट्याची नसून सर्वांची आहे. सिप्रियन यांच्या लॅटिनला जो भेद दाखविता येत नव्हता, तो मराठीत स्पष्ट दिसतो. देवाकडे तोंड करून म्हटलेल्या ‘आम्ही’त सर्व जण मावतात. शेजाऱ्याकडे तोंड करून म्हटलेल्या ‘आम्ही’त शेजारी मावत नाही, त्याच्याशी बोलताना त्याला ‘आपण’च म्हणावे लागते. मिस्सामध्ये ‘आमच्या’ म्हणून प्रार्थना करायची आणि दाराबाहेर पडताच शेजारच्या बाकावरील माणसाला ‘आम्ही तुमच्यातले नव्हे’ असे जाणवून द्यायचे, यात व्याकरणाचीही चूक आहे आणि श्रद्धेचीही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. थोरला मुलगा घरात यायला तयार नाही. बापाशी बोलताना तो धाकट्याला ‘माझा भाऊ’ म्हणत नाही. ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. ‘हा’ हे दर्शक सर्वनाम, बोट दाखवून दूर ठेवणारे. ‘तुमचा’ हे नाते झटकून टाकणारे. बाप त्याच्याशी वाद घालीत नाही. उत्तर देताना तो एवढेच करतो की ‘तुमचा मुलगा’ बदलून ‘तुझा भाऊ’ म्हणतो. थोरला घरात गेला की नाही, हे दाखल्यात सांगितलेले नाही. ते आपल्यावर सोपविलेले आहे.

येथे एक शंका येईल. ‘आम्ही’ हा शब्द नेहमीच वाईट का? तसे मुळीच नाही. पतिपत्नींना ‘आम्ही’ म्हणता आले पाहिजे. ज्यांना शतकानुशतके कोणी मोजलेच नाही, त्यांनी एकत्र येऊन ‘आम्ही’ म्हणणे हा स्वाभिमानाचा उच्चार असतो. त्यांना घाईने ‘आपण सारे एकच’ असे ऐकवणे ही पुष्कळदा त्यांचे दुःख झाकण्याची युक्ती असते. उलट ‘आपण’ हा शब्दही खोटा होऊ शकतो. ‘आपण सर्वांनी काटकसर केली पाहिजे’ असे म्हणणाऱ्याच्या मनात पुष्कळदा ‘तुम्ही’ असते. आम्हा प्रवचनकारांचे ‘आपण पापी आहोत’ हेही याच जातीचे. तेव्हा केवळ शब्द बदलून भागत नाही.

इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांत एक नियम शिकवितात. चांगल्या गोष्टीसाठी तीन पुरुषांची सर्वनामे एकत्र आली तर आधी ‘तू’, मग ‘तो’ आणि शेवटी ‘मी’ असा क्रम ठेवावा. चूक कबूल करावयाची असेल तर मात्र आधी ‘मी’, मग ‘तू’, मग ‘तो’. परीक्षेला हा नियम हमखास येतो. जीवनात मात्र आपण तो बहुधा उलटा चालवितो. देऊळ बांधले ‘मी’, दुरुस्ती राहिली ‘त्यांच्यामुळे’. एदेन बागेपासून हेच चालत आले आहे. आदामाला विचारले तर त्याने प्रथम ‘ती’ म्हटले. मिस्साच्या आरंभीची पापकबुली मात्र या नियमाला धरून आहे. शेकडो माणसे एका सुरात म्हणतात, तरी तेथे सर्वनाम ‘मी’च आहे. पाप ‘माझे’ आणि पिता ‘आमचा’, ही आपल्या उपासनेतील सर्वनामांची रचना आहे. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हा राजा ‘त्या’ माणसावर संतापला. नाथान म्हणाला, तो तूच. आणि दावीद म्हणाला, मी पाप केले. तो, तू, मी: पश्चात्तापाचा सारा प्रवास तीन सर्वनामांत झाला.

आम्हालाही हा प्रवास करावा लागला. तो सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे प्रार्थनामंदिराची भिंत ओलीने खराब झाली होती. आम्ही चार जाणत्या गृहस्थांना बोलावून विचार केला आणि रविवारी मिस्सानंतर सूचना वाचली: ‘दुरुस्तीसाठी प्रत्येक घरामागे पाचशे रुपये घेण्याचे आम्ही ठरविले आहे.’ दोन आठवड्यांनी, अजून काही जणांनी वर्गणी दिलेली नाही, असेही ऐकविले. ‘काही जण’ हे अनिश्चित सर्वनाम. पण चर्चमध्ये ते कोण, हे सर्वांना निश्चित ठाऊक होते आणि माना त्या बाजूला वळल्या. तिसऱ्या दिवशी बांधकामावर मजुरी करणाऱ्या एक वयस्क बाई आल्या. पदराच्या गाठीतून पाचशे रुपये काढून त्यांनी आमच्या हातात दिले आणि शांतपणे विचारले, “फादर, तुम्ही म्हनले आम्ही ठरवलं. त्या आम्हीत आम्ही व्हतो का?”

आम्ही गप्प राहिलो.

“आमाला बी इचारलं आसतं, तं पैशे नसते जमले, पर गिलाव्याचं काम आमच्या घरच्यायनी करून दिलं आसतं. आमचा तं धंदाच हाय तो.”

पुढे कळले की ते पाचशे रुपये त्यांनी व्याजाने आणले होते. आम्ही परत देऊ लागलो, तर त्यांनी घेतले नाहीत. देवाला दिलेले माघारी घ्यायचे नसते, म्हणाल्या. मग आम्ही दुसरे काय करणार? पुढच्या रविवारी वेदीपुढे उभे राहून चूक कबूल केली, आणि घरोघरी जाऊन प्रत्येकाला काय देता येईल ते विचारले. कोणी पैसे दिले, कोणी वाळू, कोणी दोन दिवसांची मजुरी. गिलावा त्या बाईंच्या मुलांनी केला आणि भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला त्या स्वतः येत. भिंत अजून चांगली आहे. परंतु त्या व्याजाचा बोजा आमच्या मनावरून उतरलेला नाही. आमच्या एका सर्वनामाची ती किंमत होती आणि ती दुसऱ्याच कोणी मोजली होती.

वाचक विचारतील, मग या लेखात तुम्ही स्वतःला ‘आम्ही’ का म्हणता? लेखणीची ही जुनी सवय आहे, अग्रलेखांतून आणि धर्मपीठाच्या पत्रांतून आलेली. पूर्वी पोपमहोदयही स्वतःसाठी ‘आम्ही’ वापरीत. १९७८ साली पहिले जॉन पॉल यांना अवघे ३३ दिवस लाभले, पण तेवढ्यात त्यांनी भाविकांशी बोलताना साधे ‘मी’ म्हणण्यास आरंभ केला आणि पुढे तीच रीत रूढ झाली. आमच्या लेखणीला ते अद्याप साधलेले नाही. निदान या ‘आम्ही’च्या आड दडून कोणावर काही लादावयाचे नाही, एवढे पथ्य आम्ही पाळू पाहतो.

पुढच्या पाठाला मुकुंदवाडीच्या त्या ओसरीवर आम्ही मुलीच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर दिले. म्हणालो, “‘वुई’ म्हटल्यावर समोरच्याला धरले की सोडले, हे इंग्रजी व्याकरण सांगत नाही. ते बोलणाऱ्याच्या वागण्यावरून कळते. मराठीत शब्दावरून कळते. पण शब्द खरा की खोटा, हे शेवटी वागण्यावरूनच.”

मुलीने वहीत ‘वुई’समोर आधी ‘आपण’ लिहिले, मग स्वल्पविराम देऊन ‘आम्ही’. क्रम तिने स्वतःच ठरविला होता. आम्हाला तो दुरुस्त करावासा वाटला नाही. येत्या रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आमच्या’ या शब्दावर आपण क्षणभर थांबू या, आणि त्यात कोण कोण आले, कोणाला आपण बाहेर उभे ठेवले आहे, हे एकदा मोजून पाहू या.